खडकावरचा कवडसा

जोतीरामनं उन्हाच्या लुकलुकीनं निरोप धाडायच्या आरशाचा स्क्रू जरासा फिरवला. अगदी जरासा. तेवढ्यानं कवडसा तोफांवरून सरकला आणि पलीकडच्या खडकावर जाऊन पडला. मग जोतीराम नेहमीसारखी आरशाची कळ खटखट दाबत निरोप देऊ लागला. पलटण टेकडी चढते आहे, तोफा थांबवा. शेजारच्या कॅप्टनसाहेबाला आरसा लुकलुकताना दिसत होता. त्याला तेवढं पुरेसं होतं.

सोलापूरपासून चार कोसांवरच्या त्या माळावर सकाळपासून लुटुपुटीची लढाई चालली होती. पलटण आणि तोफखाना एकमेकांना धरून लढतात की नाही, याची परीक्षा होती. तोफांत नुसती दारू होती, गोळे नव्हते. दंडाला पांढरी पट्टी बांधलेले पंचसाहेब हातात घड्याळ धरून हिंडत होते. पलटण चढायला उठली आणि तोफा थांबल्या नाहीत, तर सगळी पलटण आपल्याच गोळ्यांनी मेली, असं ते कागदावर लिहिणार होते. आणि खापर फुटणार होतं तोफांपाशी दुर्बीण लावून बसलेल्या सिद्धाप्पाच्या डोक्यावर.

जोतीरामला नेमकं तेच हवं होतं. दोघं सांगोल्याकडचे, एकाच दिवशी भरती झालेले, आरसा चालवायलाही बरोबरच शिकलेले. दोघंही नाईक. आता हवालदाराची जागा एकच निघाली होती आणि आजच्या निकालावर ती ठरणार होती. साहेबांनी सिद्धाप्पाला तोफांपाशी बसवलं, कारण मेंढरं राखून त्याची नजर तयार झाली होती म्हणे. त्याला तंबूची सावली, साहेबाच्या किटलीतला चहा. आणि चार इयत्ता शिकलेला जोतीराम इथं बाभळीच्या काट्यांत, उन्हात. त्याचा नुसता जळफळाट होत होता. अलीकडे सिद्धाप्पा हसला तरी याच्या पोटात दुखायचं.

पलटण उठली. तोफ धडाडली. जवाब आला का, असं कॅप्टननं विचारलं. निरोप कधीच दिलाय, तिकडून काही नाही, असं जोतीरामनं साळसूदपणे सांगितलं. साहेबाचा चेहरा पडला. जोतीरामला मनातून बरं वाटलं.

तेवढ्यात तोफा गप्प झाल्या. तोफांकडचा आरसा लुकलुकला. समजलं, एवढंच. न मिळालेल्या निरोपाचा जवाब आला होता. जोतीरामच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी निकाल लागला. पलटण उठताच तोफा थांबल्या, म्हणून पंचसाहेब खूश होते. निरोप कसा मिळाला, हे त्यांनी सिद्धाप्पाला विचारलं. अगदी स्वच्छ मिळाला, जोतीरामचा हात फार साफ आहे, असं तो म्हणाला. हवालदाराची तिसरी फीत जोतीरामच्या बाहीवर चढली. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्याला मान वर करवेना.

पाण्याच्या टाकीपाशी त्यानं सिद्धाप्पाला गाठलं.

"तुला निरोप दिसलाच न्हवता."

"कसा दिसंल? कवडसा खडकावर नाचत हुता की," सिद्धाप्पा लोटा भरत म्हणाला. "माणसं उठल्याली दिसली. म्या सायबाला तोफा थांबवाय सांगितलं."

मग माझं नाव का पुढं केलंस, असं जोतीरामनं विचारलं.

सिद्धाप्पानं भरलेला लोटा उचलला. पुढच्या महिन्यात पलटण सरहद्दीवर निघणार, हे सकाळीच सगळ्यांना कळलं होतं. तिथं आरसेवाल्यांपैकी हवालदार तोफांपाशी बसणार आणि नाईक पलटणीबरोबर पुढं जाणार, हेही ठरलं होतं. त्यानं लोटा जोतीरामच्या हातात दिला.

"फीत तुला पायजे हुती, घे. सरहद्दीवर म्होरं मी असंन, आन् दुर्बीण तुज्याकडं. तितलं गोळे खरे असत्यात, जोतीराम. माजा निरोप न्हाय दिसला, तरी मी उठलो का तेवढं बघ."