आठवा भाग

“शेवट बघितला व्हता का तुमी, बाई?” तेजलनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

रजनीबाई दारातच उभ्या राहिल्या. हातात नवऱ्याच्या पेजेची वाटी होती. वलवणची ही तेजल चिक्कीच्या दुकानात पाकिटं भरायची, एवढीच तोंडओळख. पण प्रश्न कशाबद्दलचा आहे हे विचारावं लागलं नाही. लोणावळ्यात लोक बाईंना एकाच कारणासाठी अडवत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या इथल्या साप्ताहिकात ‘वेळ काढून पाहा’ हे सदर लिहीत. कुठली मालिका बघावी, कुठला माहितीपट चुकवू नये. सदराचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे : शेवट मी सांगणार नाही. बाईंचा हा संयम वाचकांना फार आवडे.

संयम कसला, डोंबलाचा. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला, गंगाधररावांना, अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हापासून बाईंनी कशाचाच शेवट पाहिला नव्हता. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, मधे पेज, मधे औषध. बाहेर येईतो टीव्हीवर नावं सरकायला लागलेली असत. मागे एका पाथरवटावरच्या माहितीपटाबद्दल त्यांनी लिहिलं, ‘हा डोळ्यांपेक्षा कानांनी बघा.’ तळेगावच्या एका चित्रकारानं मुद्दाम फोन करून दाद दिली. बाई त्या वेळी आतल्या खोलीत चादर बदलत होत्या. छिन्नीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

“आत ये,” त्या म्हणाल्या.

“न्हाई. आदी सांगा.”

तेजलची आई अंबूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली. आणि बाईंनीच लिहिलं होतं की घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या उशाशी बसून ही मालिका पाहा. म्हाताऱ्या वैद्याची आणि त्याची सेवा करणाऱ्या लेकीची गोष्ट, आठ भागांची. मायलेकींनी रोज एक भाग पाहिला. सात दिवस म्हातारी खुशीत होती. मालिकेतली लेक बापाच्या तळव्यांना तेल चोळायला लागली की अंबूबाई आपलेही पाय लेकीपुढं करायची.

“आन् आठव्या भागात ती पोरगी बापाला जेवू घालती, शेजारणीकडं किल्ली देती आन् येष्टीत बसून निघून जाती. संपलं. आई म्हनली, बंद कर. परवापास्नं भितीकडं तोंड करून पडलीया. घास घेत न्हाई. म्हनती, तू कवा जानार ते सांग. मी काय सांगू तिला?”

वाटी बाईंना एकदम जड वाटली. शेवट बघितला म्हणावं तर दुष्ट ठरणार, नाही म्हणावं तर खोटारड्या. दोन्हींचं त्यांना सारखंच वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सारवासारव करायचं त्राणही उरलं नव्हतं.

“नाही बघितला,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या भागापुढं मी बघितलीच नाही. अगं, कुठल्याच मालिकेचा शेवट मी बघितलेला नाही.”

तेजल कडाकडा भांडायच्या तयारीनं आली होती. पण दारातून आतली खाट दिसत होती. खाटेशेजारी भिंतीवर चिकटवलेला औषधांच्या वेळांचा कागद, दोरीवर वाळत घातलेली पाच-सहा जुनी फडकी. तसली फडकी ती सकाळीच धुऊन आली होती. तिनं चपला काढल्या आणि बाईंच्या हातातली वाटी घेतली.

“तासभर हाय मी हितं. आबांना मी भरवते. तुमी बसा, शेवट बघा, मग काय लिवायचं ते लिवा.”

यात माया किती आणि शिक्षा किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाई मुकाट्यानं आरामखुर्चीत बसल्या. तीन वर्षांत भरदुपारी कुणी त्यांना बस म्हटलं नव्हतं. त्यांनी आठवा भाग लावला. वैद्याचं अंगण दिसलं, लेक तांदूळ निवडत होती.

जाग आली तेव्हा घर गप्प होतं. पडद्यावर नावं सरकत होती, आवाज मात्र बंद होता. आरामखुर्चीला खेटून गंगाधररावांची चाकाची खुर्ची उभी होती आणि रिमोट त्यांच्या डाव्या हातात, चालत्या हातात होता.

“हातानं खुणा करत व्हते, म्हनून बाहेर आनलं,” तेजल मागून म्हणाली. “तुमचा डोळा लागला तसा आवाज त्यांनीच बंद केला.”

बाई खुर्चीत सावरून बसल्या. म्हणजे किल्ली, एसटी, सगळं यांनी पाहिलं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होईना. झटका आल्यापासून ते दिवसाकाठी चार शब्द बोलत, आणि आज ते कुठले असतील याचीच त्यांना भीती वाटली.

“वाईट... नाही... पोरगी,” गंगाधरराव म्हणाले.

तेजल पुढं आली. “मग गेली कशापायी, आबा?” हे तिला घरी नेऊन सांगायचं होतं, म्हणून तिनं नीट, हळू विचारलं.

गंगाधररावांनी रिमोट बायकोच्या मांडीवर ठेवला. पुढचा शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

“दमली,” ते म्हणाले.