पिशवीतली मिरची

सुरतेहून आलेल्या हेमकांतनं बॅग उघडली आणि लोटननानांच्या कापडाच्या दुकानातल्या गादीवर तान्ह्या बाळांचे तयार कपडे मांडले. पिवळे, गुलाबी, कान लावलेल्या टोप्या, सगळं प्लॅस्टिकच्या कागदात कडक. मोहिनी, नानांची धाकटी सून, कोपऱ्यात बंद शिलाई मशीनपाशी बसून मांडीवरच्या लेकीला थोपटत होती. तिच्या डोक्यावरची फळी रिकामी होती. मान वर करायचीच नाही, असं तिनं ठरवलं होतं.

नवरात्रात त्या फळीवर तिच्या पिशव्या होत्या. ठाण संपताना उरलेले मऊ सुती तुकडे नानांकडून मागून घेऊन तिनं झबली, टोपडी, दुपटी शिवून मापाप्रमाणे पिशव्यांत भरली होती. थोडकं भाडं द्या, बाळ वाढलं की पिशवी परत आणा, पुढच्या मापाची न्या. बायका हौसेनं घेऊन गेल्या. परत एकही पिशवी आली नाही. संक्रांतीपर्यंत वाट बघू, मग फळी तयार मालाला, असं नाना म्हणाले होते. आणि संक्रांत काल झाली.

"पोर दर दोन महिन्यांनी वाढतं, नाना," हेमकांत सांगत होता. "कपडा आखूड होतो, टाकून देतात, नवा घेतात. याच्यापेक्षा पक्का धंदा मला दाखवा."

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. "आनी मन्ही सून म्हनस, एकच झबलं दहा पोरेसले घालो. गिऱ्हाईक परत उनं त धंदा. माल परत उना त काय? आनी तोबी उना नही." मग आवाज उतरवून, "संक्रांत व्हयी गयी, बेटा."

"हां, नाना."

ते रागानं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पायरीवर हाजराबी दिसली, पोटाशी निळी पिशवी धरलेली. मोहिनीनं पिशवी लांबूनच ओळखली. हाजराबीच्या सुनेनं, मारियानं नेलेली. मोहिनी लेकीला कडेवर घेऊन उठलीच. पिशवी हातात घेतली, नाडा ओढला, आत हात घातला आणि शिंकली. कडेवरची लेकही शिंकली.

पिशवीत वाळलेली लाल मिरची होती, काठोकाठ.

हेमकांतनं आपला माल पटकन अलीकडे ओढला.

"चाची, कपडा कोठे शेत?" मोहिनीनं विचारलं.

"कपडा? त्या त कालीबाईले दिधात." हाजराबी पायरीवरच टेकली. "धनसिंगनी बायको. आम्ही दोन्ही संगे मिरचीना पथारीवर देठ तोडतस. मन्ही मारियाना पोर वाढनं, कालीबाईले नवं पोर व्हयनं. थंडी कशी पडनी, तू देखस ना. तठून अठे आनू, मंग अठून तठे नेऊ? मी मधलामधेच दिधात."

"आणि बाकीच्या पिशव्या?"

"बठ्ठ्या घरोघर फिरी ऱ्हायन्यात, बेटी. एक रनाळे गावले गयी. सरलाबाईनी त भाचीले सारंगखेडे धाडी."

नाना हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. "ल्या. आते दुकानबी नको, दुकानदारबी नको."

"मग नाना," हेमकांतनं पेन काढलं, "दोन डझन लिहू?"

मोहिनीनं पिशवीचा नाडा परत आवळला. कपडे घराघरांतून आपल्या पायांनी फिरणार असतील, तर ती या फळीखाली कशाला बसली होती? नाना खोटं बोलत नव्हते.

"आनी ही मिरची कसानी?" नानांनी विचारलं.

"कालीबाईनी. तिनाकडे कोनी काही मांगेल नव्हतं, भाऊ. पन ती म्हने, मन्हा पोऱ्या रातभर उबमा निजना, आते पिशवी रिकामी कशी धाडू?" मग हाजराबीनं पदराची गाठ सोडली आणि एक झबलं काढलं, धुऊन घडी घातलेलं. "आनी हाई. गळानी एक नाडी तुटनी. मी म्हनं, आन, मी लावी देस. त म्हने, नही, जिनी शिवं तिनाच हातनी लागो."

मोहिनीनं झबलं उलगडलं. टाके तिचेच. पण काखेत कुणीतरी हिरव्या दोऱ्यानं वाकडातिकडा रफू केला होता, आणि त्याला दोन घरांच्या दोन तेलांचा वास येत होता.

नानांनी हात पुढे केला. "आन इकडे." त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कापड धरून पाहिलं, ठाण घेताना धरतात तसं. "आपलं शे हाई?"

"हां, नाना. त्या मलमलीचा शेवटचा तुकडा. तुम्ही फरशी पुसायला काढलेला."

नाना बराच वेळ चिमटी सोडेनात. "धुई धुई बरं व्हयनं," ते शेवटी म्हणाले. कापडाबद्दल इतकं चांगलं बोललेले ते तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"नाना, लिहू का?"

"तुन्हाकडे नाडी शे का? सुती."

"नाडी? असेल एक गुंडाळी बॅगेत तळाशी. पण नाना, हे सगळं..."

"तितलीच दे."

हेमकांत एकेक पाकीट बॅगेत परत भरू लागला. जन्मभर मीटरच्या पट्टीनं कापड मोजणाऱ्या नानांनी आज पट्टी घेतली नाही. मोहिनीच्या कडेवरच्या नातीच्या गळ्याभोवती त्यांनी नाडी हलकेच धरून पाहिली, गाठीपुरती वाढवली, आणि कात्री लावण्याआधी सुनेकडे बघितलं.

"इतलामा भागी जाई ना, बेटा?"