आतून बांधायची ताडपत्री

उकंडरावांनी तिसरी ताडपत्रीही नाकाशी नेली आणि परत ठेवली.

“वास मारते,” ते म्हणाले.

जानेफळच्या बाजारात भगवंतराव दुकानदारांनी ताडपत्री ओढून पाहणारे पाहिले होते, पाणी ओतून पाहणारे पाहिले होते, कोपरा दातानं चावणारेसुद्धा. हुंगणारा हा पहिलाच. आणि झाकायची गाडी तरी केवढी? एक रेंगी. दोन माणसं बसली की भरली, अशी हलकी बैलगाडी.

“डांबराचा नको, रॉकेलचा नको, कसलाच वास नको,” उकंडराव म्हणाले. “वासानं मळमळते.”

भगवंतरावांचा चेहरा उजळला. वासानं कोणाला मळमळतं हे चार लेकरांच्या बापाला सांगावं लागत नाही. उकंडरावांची एकुलती लेक पुष्पा सुलतानपूरला दिलेली होती.

“मंग असं बोला ना. सुलतानपूरची वाट हाये.”

“हाव. सुलतानपूरचीच.”

“दुसरं ना हे पुष्पाचं?”

“पहिला आता चालाले लागला,” उकंडराव म्हणाले आणि चौथी ताडपत्री उलगडायला बसले.

घरून निघताना त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सगळ्या अटी त्यांच्याकडून घोकून घेतल्या होत्या. त्या स्वतः आल्या नव्हत्या. पोळ्यापासून गुडघे धरलेत असं त्या सांगत, आणि बाजार, नदी, देऊळ सगळंच सुटलं होतं. ताडपत्रीला टाचणीएवढंही भोक नको, बाहेरच्याचा डोळा बरोबर तिथंच जातो. बाजू चाकापर्यंत खाली याव्यात. आणि मुख्य म्हणजे दोऱ्या आतून बांधता याव्यात.

“आतून?” भगवंतरावांनी विचारलं. “माणूस बसवता का अफू?”

उकंडराव हसले, पण अटीवरून हलले नाहीत. वाट पारावरून जाते, ते म्हणाले. पारावर रिकामी माणसं बसतात. एकानं वाकून पाहिलं की मेहकरपर्यंत गोष्ट जाते, आणि जाताना वाटेत वाढते. तिच्या जिवाला ते सोसायचं नाही. चार महिने तिनं याच एका धास्तीनं काढलेत.

भगवंतरावांनी समजून मान हलवली. बायकांना दृष्टीची भीती असतेच.

हिरवी ताडपत्री नवीकोरी होती, पण तिच्याकडे आंधळ्यानंही वळून पाहिलं असतं. पिवळं मेणकापड हलकं होतं, पण उजेडाला धरलं की पलीकडचा हात दिसायचा. शेवटी भगवंतरावांनी गल्ल्यामागून एक खाकी घडी ओढली. लढाईच्या वेळची, पलटणीतून आलेली. धुऊन धुऊन मऊ पडलेली, वास कधीचाच गेलेला. हंगामात कापसाच्या दर गाडीवर असते तसलीच, कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही अशी.

उकंडरावांनी ती डोक्यावरून घेतली आणि दुकानातच उकिडवे बसले.

“मी दिसतो का?” आतून आवाज आला.

“तुमी नाही दिसत. पाय दिसते.”

“पायाचं चालते.”

दुकानातली गिऱ्हाइकं पोट धरून हसली. भगवंतरावांनी तिथंच बसून कडेला आतल्या बाजूनं चामड्याच्या कड्या शिवून दिल्या. एवढी घाई काऊन, असं त्यांनी विचारलं, तेव्हा उकंडराव म्हणाले, संक्रांतीच्या आत हे काम उरकलं पाहिजे. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बाया थेट घरात शिरतात, कोणाकोणाला दारातून परतवणार.

“आता लेकीच्या घरी पोटभर जेवून तरी या,” भगवंतराव घडी हातात देत म्हणाले. “नातू झाला, आता तिच्या घरचं अन्नपाणी चालते तुमाले.”

“त्याच्याच तर आधारावर चाललो,” उकंडराव म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की पुष्पा माहेरी येणार. दोघीतिघी शेजारणी विचारायला आल्या. मनकर्णाबाई ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नुसत्या हसल्या. बाया गेल्यावर त्यांनी ताडपत्री चुलीच्या जाळापुढं धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक शोधलं. मग नाकाशी नेली.

“बरी हाये,” त्या म्हणाल्या, आणि घडी गालाशी तशीच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. उकंडरावांनी उगाच बैलांकडे जातो म्हणून पाठ फिरवली.

सकाळी रेंगी पारापाशी आली. बांबूच्या कामट्यांवर खाकी ताडपत्री ताठ बसली होती, बाजू पार चाकापर्यंत.

“उकंडराव,” जानरावांनी पारावरून हाक दिली, “रिकामी रेंगी काऊन झाकून नेऊन राह्यले?”

“नवीन हाये. कुठं गळते ते पाहून घेतो.”

“अन् पाणी?”

“ते बी येईन एखांद्या वक्ती.”

सगळा पार हसला. उकंडरावही हसले आणि बैलांना नेहमीपेक्षा हळू हाकत, खड्डे चुकवत, गावाबाहेर पडले. मग मात्र ते वाटभर गाणं गुणगुणत राहिले.

दिवस कलताना सुलतानपूर आलं. दारात पुष्पा उभी होती. बारीक कमरेला पदर घट्ट खोचलेला, कडेवर पोरगा. रेंगी दिसताच तिनं पोराला खाली सोडलं आणि धावतच पुढं आली. मागून तिची सासू कौशल्याबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आतल्या खोलीत बाज टाकलेली होती, बाजेखाली शेगडी, कोनाड्यात डिंक आणि खोबरं.

“सोडा आता दोऱ्या,” कौशल्याबाईंनी ताडपत्रीवर अलगद थाप मारली. “इथं पारावरचं कोणी नाही.”

आतून एकेक गाठ सुटत गेली, आणि मनकर्णाबाई एका हातानं आपलं पोट सावरत, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर ठेवून, बाळंतपणाला खाली उतरल्या.