चौदा एप्रिलची सुट्टी

"यंदाही चौदा एप्रिलला सुट्टी टाकलीस ना रे?" रवींद्र प्रधानांनी कॉफी ढवळता ढवळता विचारलं.

प्रफुल्ल कपाकडे बघत म्हणाला, "हो... डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती."

"गेल्या वर्षीही चौदालाच होती."

"वर्षातून एकदा क्लीनिंग करतो," तो म्हणाला. थाप अगदीच पांचट होती, पण तोंडातून निघून गेली होती.

प्रधान त्याचे मॅनेजर. पुण्याचे, पन्नाशीचे, बोलणं शुद्ध आणि आवाज मऊ. अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या त्या ऑफिसात त्यांच्या टीममध्ये चौघं मराठी होती, पण प्रधानांचा डोळा प्रफुल्लवरच. आठ महिने हेच चाललं होतं. आधी नागपुरात कुठे राहायचास, म्हणून विचारलं. प्रफुल्ल इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतला, त्याने उच्चभ्रू धरमपेठ ठोकून दिलं. मग, "वरोरकर म्हणजे नेमके कोण रे?" वडिलांनी जुनं आडनाव टाकून गावाचं लावलं होतं ते हा प्रश्न चुकवायलाच. मग दसऱ्याला, "तुमच्या नागपुरात या दिवसांत फार गर्दी होते ना?" लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेला प्रफुल्ल म्हणाला, "आम्ही त्या बाजूला फिरकत नाही." त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

वास काढतोय म्हातारा, त्याच्या मनाने पक्कं धरलं. प्रधान आडनाव, पुण्याची भाषा, आणखी काय पुरावा हवा? हे लोक जात विचारत नाहीत, हुंगतात.

आणि हुंगायची वेळही कशी साधली होती! महिनाअखेर टीममधून दोघांना काढणार होते. यादी प्रधानच करणार. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायको, मुलगी, सामान घेऊन परत फिरायचं. मुलगी तर जन्मली इथेच. त्यात शेजारच्या शहराच्या कौन्सिलपुढे जातिभेदाविरुद्धचा ठराव आलेला. ऑफिसातले देशी लोक आता लंचलाही जपून बोलत.

शुक्रवारी प्रधानांनी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मंगळवारी कौन्सिलची हिअरिंग आहे. कुणीही जाऊन बोलू शकतं. तुला काय वाटतं त्या ठरावाबद्दल? मोकळेपणाने सांग."

मोकळेपणाने! प्रफुल्लला सापळा स्पष्ट दिसला. आता कच खाल्ली तर नाव यादीत. तो हसला. हसता आलं याचं त्यालाच नवल वाटलं.

"इथे कुठे आली हो जात? या लोकांना कायम रडायचंच असतं. अमेरिकेत आले तरी सवय जात नाही."

प्रधानांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "बरं झालं, विचारलं ते." त्यांचा चेहरा उतरला होता, पण प्रफुल्लला ते दिसलंच नाही. सुटलो, एवढंच त्याला कळलं. संध्याकाळी तो मुलीला आइस्क्रीम खायला घेऊन गेला.

मंगळवारी त्याची बायको हर्षिता हिअरिंग लॅपटॉपवर लाइव्ह बघत बसली. तिला तिथे जायचं होतं. यानेच नको म्हणून हट्ट धरला होता. "अरे, लवकर ये!" ती ओरडली. "हे तुझे प्रधान ना?"

माइकसमोर प्रधान उभे होते. हातात एक कागद होता. ते इंग्रजीत सांगत होते, मी बौद्ध आहे, दलित आहे, बावीस वर्षांत हे इथे पहिल्यांदा मोठ्याने म्हणतोय. टीममधला एक मुलगा आपल्यातला असेल असं वाटत होतं. महिनोन्‌महिने आडून आडून विचारत राहिलो. थेट विचारायची हिंमत नव्हती. त्याला सोबत घेऊन इथे यायचं मनात होतं.

"पण तो आपला निघाला नाही," प्रधान म्हणाले. "त्याचं नाव घेणार नाही. तो काय म्हणाला ते वाचून दाखवतो, म्हणजे हा ठराव का हवा ते तुम्हाला कळेल." आणि त्यांनी शुक्रवारचं ते वाक्य इंग्रजीत वाचलं.

हर्षिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती एकटे असतील रे ते! आणि हा कोण हलकट, तुमच्याच टीममधला? तो प्रसाद असणार. तुझ्या बाजूला बसतो तो. हो ना?"

प्रसाद त्या शुक्रवारी ऑफिसातसुद्धा नव्हता.

"हो," प्रफुल्ल म्हणाला, "प्रसादच असेल."