फडावरची नेसण

तालमीत नवरीच्या पोशाखातली मॉडेल पाटावर बसायला गेली आणि शिवून घेतलेली नऊवारी मागून टर्रकन उसवली. डिझायनर मृण्मयीनं कपाळाला हात लावला. फॅशन शो दोन तासांवर आला होता.

कोपऱ्यात हौसाबाई उभ्या होत्या. तमाशाच्या फडावर चाळीस वर्षं नाचलेल्या या बाईंना फक्त मुलींना ठसक्यात चालायला शिकवण्यासाठी बोलावलं होतं.

"माप उभं करून घेतलंस ना, पोरी?" त्या म्हणाल्या. "आम्ही फडावर गुडघे वाकवून कासोटा खोचतो. मग बसा नाहीतर गिरक्या घ्या, साडी जागची हलत नाही."

त्यांनी नवी साडी मागवली, मॉडेलला पाय फाकवून अर्धवट बसवलं आणि बघता बघता नेसवलीसुद्धा. मुलगी पाटावर बसली, उठली, वर हसत एक गिरकीही घेतली. मृण्मयीनं बाईंचे हातच धरले.

तेवढ्यात निवेदिका कागदावरचं मोठ्यानं वाचू लागली, "सादर आहे राजघराण्यातली पारंपरिक नेसण..."

"थांब गं," हौसाबाई कडाडल्या. "कुठलं आलंय राजघराणं? ही तमाशातली नेसण आहे. तसंच लिही."

मृण्मयी चाचरली. "बाई, समोर मोठ्या घरच्या बायका असणार. त्यांना तमाशा चालेल का?"

"त्यांच्या आजोबांना चालायचा की," पदर कमरेला खोचत हौसाबाई म्हणाल्या. "तंबूत पहिल्या रांगेत बसायचे. नातींनाही चालेल."