ऑर्व्हिलचा बिगुल

“हल्ली गावोगावी डबी वाजवतात म्हणे,” आर्डिस म्हणाली आणि तिनं मायलोच्या ताटात बटाट्याचं हॉटडिश वाढलं. “बिगुलात आधीच धून भरलेली डबी घालायची, बटण दाबायचं आणि नुसतं उभं राहायचं. उद्या माझ्या ऑर्व्हिलच्या कबरीपाशी असला चावटपणा चालायचा नाही. आधीच सांगून ठेवते.”

बटाटा मायलोच्या घशात अडकला. समोर बसलेला डेल खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बर्फाखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं.

मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात कुणीही जुना सैनिक गेला की गावातल्या माजी सैनिकांचं पथक गणवेश चढवून हजर होई. गणवेश तरुणपणीचे आणि पोटं आत्ताची, त्यामुळे बटणांचे हाल होत. पण बंदुकीच्या फैरी झाडायच्या, बिगुलावर अखेरची धून वाजवायची आणि शवपेटीवरच्या झेंड्याची त्रिकोणी घडी घालून घरच्यांच्या हाती द्यायची, यात कधी खंड पडला नव्हता. कुणी एक पैसा घेत नसे. नंतर चर्चच्या तळघरात जेवण मिळे, तेवढंच.

पथकाचा म्होरक्या डेल, पण शान होती ती ऑर्व्हिलची. थंडीनं बंदुकांचे चाप अडकत, पाद्रीबाबांचे दात वाजत, पण ऑर्व्हिलचा सूर कधी चिरकला नाही. दूर झाडाखाली एकटाच उभा राहायचा. बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडावर काळ्या मखमलीचं टोपडं, दुखवट्याचं म्हणून. बिगुलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. डेलच्या मुलीच्या लग्नात लोकांनी किती आग्रह केला, पण गडी हलला नाही. “हा बिगुल गेलेल्यांसाठी आहे,” म्हणाला. लग्नमंडळी गहिवरली.

मायलोनं एकदा त्याला भीत भीत विचारलं होतं, “मला शिकवशील?”

“शिकवून येत नाही, लेका,” ऑर्व्हिल म्हणाला होता. “आतून यावं लागतं.”

मग ऑर्व्हिल अंथरुणाला खिळला आणि बिगुल वाजवायचं काम मायलोच्या गळ्यात पडलं. मायलोच्या आतून काहीच आलं नाही. शेवटी डेलनं गुपचूप डबी मागवली. वर्षभर मायलो त्या डबीच्या जिवावर सलाम घेत होता आणि दर वेळी घरी जाऊन आरशात बघायचं टाळत होता.

जेवण उरकल्यावर आर्डिसनं नवऱ्याचा बिगुल आणून मायलोच्या मांडीवर ठेवला.

“उद्या ह्याच्यावर वाजव. त्याची इच्छा होती.”

“आर्डिस, मला त्याच्यासारखं जमायचं नाही गं.”

“न जमायला काय झालं? तू नुसता ओठाला लाव. बाकीचं तो बघून घेईल.” तिनं डोळे टिपले.

त्या संध्याकाळी मायलोनं गॅरेजचं दार लावून आपल्या बिगुलात जीव तोडून फुंकलं. कुत्रं गाडीखाली जाऊन बसलं. शेजारणीचा फोन आला, गाय अडलीय का, मदतीला येऊ का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी मायलो आपल्या ट्रकमध्ये घाम पुसत बसला होता. खिशात डबी होती. फक्त ऑर्व्हिलच्या बिगुलाचं ते टोपडं निघालं असतं, तर ती आत सरकवता आली असती. पण ते चहूबाजूंनी पक्कं शिवलेलं. त्यानं खिशातला चाकू उघडला, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर आर्डिस.

“काय चाललंय?”

“काही नाही. म्हटलं, टोपडं काढलं तर आवाज जरा मोकळा येईल.”

“ते मी माझ्या हातानं शिवलंय, मायलो. एक टाका जरी उसवलास, तरी बंदुका आहेतच इथे.” तिनं ट्रकचं दार उघडलं. “आणि तिकडे झाडाखाली जाऊ नकोस. माझ्या शेजारी उभा राहा. कान गेलाय माझा.”

संपलं. मायलो तिच्यामागून वधस्तंभाकडे निघाल्यासारखा चालू लागला. डेलनं त्याच्याकडे बघितलं, मायलोनं नकारार्थी मान हलवली, आणि डेलचा चेहरा बर्फाहून पांढरा पडला.

फैरी झडल्या. कावळे उडाले. मग शांतता पसरली आणि सगळं गाव मायलोकडे बघू लागलं.

त्याला पळून जावंसं वाटलं. पण समोर शवपेटीत ऑर्व्हिल होता. मायलोची बायको गेली, त्या हिवाळ्यात हाच ऑर्व्हिल रोज पत्ते घेऊन यायचा, हरायचा, आणि मायलो जेवल्याशिवाय उठायचा नाही. अशा माणसाला डबी? नाहीच. मायलोला एकदम रडू आलं आणि त्याच भरात त्यानं ठरवून टाकलं. गाय अडो नाहीतर रेडा, आज खरं फुंकायचं. लोकांना हसायचं तर हसू देत.

त्यानं बिगुल दोन्ही हातांनी इतका घट्ट आवळला की अंगठा मखमलीत रुतला.

मखमलीखाली कुठेतरी बारीकसं ‘टिक’ झालं.

हा आवाज मायलोच्या चांगला ओळखीचा होता, पण त्याची डबी तर खिशात होती. त्यानं झटकन बिगुल ओठाला लावला.

अखेरची धून दफनभूमीवरून वाहत गेली, एकही सूर न चिरकता. बायांनी रुमाल काढले. डेलचा सलामीचा हात कपाळाशीच राहिला आणि तोंड उघडं पडलं.

आर्डिस शवपेटीकडे बघत ताठ उभी होती. तिनं रुमाल तोंडाशी नेला आणि त्याआडून हलकेच म्हणाली,

“गाल फुगव जरा. ऑर्व्हिल फुगवायचा.”