लोण्याचा डाग

एर्वानने शेवटचं खोकं टेबलावर ठेवलं, त्यातून एक पातळ पुस्तक काढलं आणि मावशीसमोर धरलं. "हे तर तुझंच आहे."

आर्मेलने हात पुढे केला नाही. बेशरेल हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. इथे माणूस गेलं की कपड्यांआधी पुस्तकं घराबाहेर पडतात, आणि ती इथल्याच एखाद्या दुकानात येऊन टेकतात. तिच्या दुकानात अशी कितीतरी घरं उतरली होती. आज बहिणीचं, ओदीलचं, उतरत होतं.

तरुणपणी आर्मेलने कवितांचं हे एकच पुस्तक छापलं. पहिली प्रत ओदीलच्या हातात दिली. ओदीलने ती ओट्यावर ठेवली आणि कॉफी ओतली. पुढे दोघींनी एकमेकींची आजारपणं काढली, मुलांची लग्नं केली, पण त्या पुस्तकाबद्दल ओदील अवाक्षर बोलली नाही. वाचलंस का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. आता विचारायला कोणी नव्हतं.

एर्वान पानं उलटायला गेला. ती एकमेकांना जोडलेलीच होती. जुन्या रीतीची छपाई. कागदाच्या घड्या तशाच शिवलेल्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत पुढे जायचं.

"आईने कापलंच नाहीये," तो बोलून गेला. मग सावरून घेत हसला. "बरंच झालं की. न कापलेलं पुस्तक महाग जातं, तूच म्हणतेस ना? लिही किंमत."

आर्मेलने कानामागची पेन्सिल काढली. पुस्तक हातात घेतलं, आणि ते आपसूक मधेच उघडलं.

एक घडी कापलेली होती. एकच. तीही भाजीच्या सुरीने. कडा दातेरी, आणि पानाच्या कोपऱ्यात लोण्याचा डाग, इतका मुरलेला की त्यातून पलीकडची अक्षरं दिसत होती. आर्मेलने पुस्तकाच्या शेवटी असलेली अनुक्रमणिका पाहिली. ते पान घडी न कापताही वाचता येत होतं. तिथे 'धुण्याचा काठ' या नावाखाली नखाची रेघ होती. कापलेल्या पानावरची कविता हीच.

एर्वान तिच्या खांद्यावरून वाकून ती कविता वाचू लागला आणि मधेच थबकला.

"हे इथे कसं? हे तर आईचं गाणं. गालेतच्या धिरड्यांचं पीठ फेटताना म्हणायची. मला वाटायचं आजीचं असेल, नाहीतर गावाचं."

"म्हण," आर्मेल म्हणाली.

"इथे? दुकानात?"

"पुस्तकांना काय कळतंय. म्हण."

तो दाराकडे तोंड करून, घसा खाकरत, अर्धवट सुरात म्हणू लागला.

थंड पाण्याच्या काठी आई कापड धुई,
ओल्या हातांची ऊब दोघींच्या गाली येई.

आर्मेलचं बोट पानावर थांबलं. तिथे 'माझ्या गाली' छापलेलं होतं. पुस्तकभर आई होती, पाणी होतं, ती स्वतः होती. काठावर शेजारी बसलेली थोरली बहीण कुठेच नव्हती, हे इतक्या वर्षांत तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"शेवटची ओळ पुन्हा म्हण बरं."

त्याने म्हटली.

"अशीच म्हणायची ती?"

"अशीच. का, चुकलं का माझं?"

आर्मेलने पेन्सिलीने 'माझ्या' खोडलं आणि त्याच्यावर, किंमत लिहायच्या बारीक अक्षरात, 'दोघींच्या' लिहिलं.

"अगं मावशी," एर्वान म्हणाला, "आता हे कोण घेणार?"

आर्मेलने पुस्तक मिटलं नाही. लोण्याच्या डागावर तिने हलकेच आपला अंगठा टेकवून पाहिला. तो नेमका मावला.